टाळी, गल्ला आणि नैतिक निवाडा

मराठी नाट्यव्यवहाराने आपल्याला 'गल्लाभरू' असा एक शब्द दिला आहे. वरवर पाहता तो केवळ वर्णनपर आहे. ज्या नाटकामुळे तिकीटविक्रीचा गल्ला भरतो ते गल्लाभरू नाटक. परंतु समीक्षेत हा शब्द निव्वळ वर्णनपर कधीच राहिलेला नाही. गल्ला आणि कलामूल्य यांचे प्रमाण व्यस्त असते, असा एक निवाडा त्याच्या पोटात आधीच दडलेला असतो. याच्या नेमकी उलट भूमिका आज अधिक प्रबळ आहे. गल्ला हाच प्रेक्षकांचा कौल, आणि बहुसंख्यांचा कौल हाच अखेरचा निवाडा, असे ती मानते. या दोन भूमिका परस्परविरोधी दिसत असल्या तरी त्यांचे एक गृहीतक समान आहे. प्रेक्षकाचा प्रतिसाद ही एकसंध गोष्ट असून ती गल्ल्याच्या आकड्यातून वाचता येते, असे दोघीही धरून चालतात. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी करावयाची आहे. त्यासाठी सुपरहिरोपटांच्या परंपरेतील बहुधा सर्वाधिक गाजलेले उदाहरण, म्हणजे 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' (२०१९) हा चित्रपट, समोर ठेवला आहे. उदाहरण लोकप्रिय चित्रपटाचे असले तरी प्रश्न नीतिमीमांसेचा आहे. एका अंधाऱ्या सभागृहात शेकडो माणसे एकाच क्षणी टाळ्या वाजवतात, तेव्हा त्यांनी काही नैतिक निवाडा केलेला असतो काय?

प्रथम आकड्यांविषयी. अँथनी व जो रुसो या बंधूंनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट 'आयर्न मॅन' (२००८) पासून सुरू झालेल्या मालिकेतील बाविसावा. एप्रिल २०१९ च्या अखेरीस तो जगभर प्रदर्शित झाला. भारतात तो इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू या भाषांतून आला. पहिल्याच आठवडाअखेरीस त्याने जगभरात सुमारे १२० कोटी डॉलर आणि एकूण सुमारे २८० कोटी डॉलर मिळविले. जून २०१९ च्या अखेरीस काही अधिक दृश्ये जोडून तो पुन्हा पडद्यावर आणण्यात आला, आणि जुलैमध्ये त्याने 'अवतार' (२००९) चा विक्रम थोड्या फरकाने मागे टाकला. मार्च २०२१ मध्ये चीनमध्ये 'अवतार' पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिले स्थान त्याच्याकडे परत गेले. चलनवाढ हिशेबात घेतली तर हे दोन्ही चित्रपट मागे पडतात व १९३९ चा 'गॉन विथ द विंड' पुढे येतो. म्हणजे ज्याला आपण जनतेचा कौल म्हणतो तो आकडा पुनःप्रदर्शनाच्या वेळापत्रकाने आणि हिशेबाच्या पद्धतीने बदलतो.

याहून मूलभूत मुद्दा वेगळाच आहे. तिकीट चित्रपट पाहण्यापूर्वी काढले जाते. पहिल्या काही दिवसांचे ते प्रचंड उत्पन्न प्रेक्षकांच्या अपेक्षेचे माप आहे. अकरा वर्षांत एकवीस चित्रपटांनी जे ऋण उभे केले त्याची ती फेड आहे, असेही म्हणता येईल. पुन्हापुन्हा पाहणारे प्रेक्षक जमेस धरले तरी आकडा एवढेच सांगतो की त्यांना परत यावेसे वाटले. का वाटले, हे तो सांगू शकत नाही. त्यामुळे गल्ल्यावरून कलामूल्य सिद्ध करणारा आणि गल्ल्यावरूनच ते नाकारणारा, असे दोघेही प्रत्यक्ष प्रतिसादापर्यंत पोहोचतच नाहीत.

प्रत्यक्ष प्रतिसादाविषयी परंपरेने काय म्हटले आहे? प्लेटोने 'लॉज' या संवादाच्या तिसऱ्या भागात प्रेक्षकांच्या गोंगाटाविषयी तीव्र नापसंती व्यक्त केली आहे. पूर्वी जाणकार शांतपणे ऐकत व निर्णय देत. पुढे समूहाच्या आरडाओरड्याने तो अधिकार बळकावला. ही एक प्रकारची प्रेक्षकसत्ता होय आणि नागरी जीवनातील बेबंदशाहीचा उगम तिच्यात आहे, असा त्याचा युक्तिवाद आहे. विसाव्या शतकात अडोर्नो व हॉर्कहायमर यांनी 'डायलेक्टिक ऑफ एन्लाइटनमेंट' (१९४७) मध्ये संस्कृतिउद्योगाची जी चिकित्सा केली, तिच्यात आरोपी बदलला. तेथे समूह सत्ताधारी उरत नाही. त्याचा प्रतिसादच कारखान्यात आधी तयार झालेला असतो. दोन्ही विचारांत टाळीला निवाड्याचे स्थान आहे. एकाच्या मते तो अनधिकृत निवाडा आहे, दुसऱ्याच्या मते बनावट.

या संदर्भात भरताची मांडणी अधिक सूक्ष्म आहे. 'नाट्यशास्त्रा'च्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार येतो. मानुषी सिद्धीची चिन्हे म्हणून तेथे स्मित, मोठ्याने हसणे, साधुवाद, हळहळ, रोमांच, आसनावरून उठणे, वस्त्रे वा अंगठ्या फेकणे यांची नोंद केली आहे. दैवी सिद्धीची खूण मात्र वेगळी. तेथे गलबला नसतो, क्षोभ नसतो, आणि रंगस्थान पूर्ण भरलेले असते. 'एंडगेम'च्या प्रेक्षकांनी चित्रगृहांतच मुद्रित करून पुढे पसरविलेले आवाज ज्यांनी ऐकले आहेत त्यांना ही यादी परकी वाटणार नाही. आरोळ्या, उठून उभे राहणे, हुंदके आणि अखेरीस टोनी स्टार्कच्या अंत्यविधीच्या वेळची निःशब्दता, हे सर्व तेथे आहे. भरलेले रंगस्थानही आहे. परंतु महत्त्वाचे असे की भरत सिद्धीपाशी थांबत नाही. प्रयोगाविषयी वाद उद्भवल्यास निर्णय कोणी द्यावा, यासाठी तो प्राश्निकांची स्वतंत्र योजना करतो. यज्ञवेत्ता, नर्तक, छंदाचा जाणकार, शब्दशास्त्रज्ञ, राजा, धनुर्धर, चित्रकार, वेश्या, गायक, राजसेवक असे हे दहा जण, आणि प्रत्येकाचा अधिकार त्याच्या क्षेत्रापुरता. प्रयोग पोहोचला की नाही हे प्रेक्षकांचा देह सांगतो. तो योग्य होता की नाही हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला वेगळे आसन लागते. सिद्धी आणि निर्णय यांतील हा भेद आपण हरवून बसलो आहोत.

मग टाळी म्हणजे काय? आपल्या संगीत नाटकातील 'वन्स मोअर'शी तिची तुलना उद्बोधक ठरेल. बालगंधर्वांच्या पदाला मिळणारा 'वन्स मोअर' रंगमंचावरील गायकाला उद्देशून असे. तो गायकापर्यंत पोहोचत असे आणि त्याच्याकडून उत्तर मिळवीत असे. चित्रपटगृहातील टाळीला असा पत्ता नाही. पडद्यावरचा नट तेथे नसतो, दिग्दर्शक नसतो. ती टाळी ऐकणारे एकच असतात: शेजारचे प्रेक्षक. वॉल्टर बेंजामिनने चित्रपटाविषयीच्या आपल्या १९३६ च्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले होते की, चित्रगृहात व्यक्तीची प्रतिक्रिया समूहाच्या भावी प्रतिक्रियेने आधीच आकारलेली असते आणि या प्रतिक्रिया परस्परांचे नियमन करतात. या दृष्टीने पाहता टाळी हे परस्परांना दिलेले आश्वासन आहे. 'मलाही तेच जाणवले' एवढा तिचा आशय. तो क्षुल्लक नाही. एकाकी झालेल्या नागर माणसाला शेकडो अनोळखी माणसांबरोबर एकच गोष्ट शुभ वाटावी, यात एक खरी मानवी भूक भागते, आणि तिची टिंगल करणाऱ्या समीक्षेला नैतिक अधिकार उरत नाही.

पण भूक कोणती, हे पाहिलेच पाहिजे. चित्रपटातील सर्वांत मोठी आरोळी उठली ती कॅप्टन अमेरिका थॉरचा हातोडा उचलतो तेव्हा. केवळ पात्र व्यक्तीलाच उचलता यावा असा हा हातोडा आहे; ही अट 'थॉर' (२०११) मध्ये घातली गेली आणि 'एज ऑफ अल्ट्रॉन' (२०१५) मध्ये याच नायकाच्या हाती तो किंचित हलला होता. चार वर्षे टांगलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या क्षणी मिळते. आता असे पाहा: प्रत्यक्ष जीवनात चांगुलपणाची खात्री कोणालाही मिळत नाही. आपण बरोबर वागलो की नाही हे सांगणारी वस्तू जगात नाही. म्हणूनच नैतिक जीवन हे संशयाचे, पश्चात्तापाचे आणि पुनर्विचाराचे जीवन असते. सुपरहिरोपट ही अनिश्चितता काढून टाकतो. पात्रता हातात धरता येते, डोळ्यांनी दिसते. त्या आरोळीत पराक्रमाचे कौतुक आहेच. पण त्याहून अधिक, नैतिकता एकदाची निःसंदिग्ध झाली याचा सुटकेचा आनंद आहे.

या सुटकेची किंमत शेवटच्या प्रसंगात दिसते. 'इन्फिनिटी वॉर' (२०१८) मध्ये थॅनोस चुटकी वाजवतो आणि विश्वातील निम्मे जीव धूळ होतात. प्रेक्षक सुन्न होतो. 'एंडगेम'मध्ये टोनी स्टार्क चुटकी वाजवतो आणि थॅनोससह त्याचे अवघे सैन्य धूळ होते. प्रेक्षक रडतो व टाळ्या वाजवतो. कृती एकच, प्रतिसाद दोन. यावरून प्रेक्षकावर विसंगतीचा आरोप करणे सोपे आहे, पण तो टिकणार नाही. हेतू भिन्न आहे. एक आक्रमक आहे, दुसरा बचाव करणारा. शिवाय दुसऱ्याने त्या कृतीची किंमत स्वतःच्या प्राणाने मोजली आहे. नीतिशास्त्रात हे भेद खरे आहेत आणि प्रेक्षकाला ते अचूक जाणवतात.

तरीही काही उरते. ज्याने ती पहिली चुटकी वाजवली त्या थॅनोसचा शिरच्छेद चित्रपटाच्या प्रारंभीच झालेला आहे. अखेरीस जो धूळ होतो तो २०१४ सालातून आलेला थॅनोस. त्याने तो अपराध अद्याप केलेलाच नाही. त्याचा मनसुबा अधिक भयंकर आहे हे मान्य केले तरी त्याच्या मागे उभ्या असलेल्या सैन्याचे काय? त्यांना चेहरा नाही, नाव नाही, मरताना एक शब्दही नाही. भट्टनायकाने सांगितलेल्या साधारणीकरणाच्या व्यापाराने टोनीचे दुःख देशकालाच्या, व्यक्तिविशेषाच्या मर्यादा सोडून आपले होते. पण साधारणीकरण कोणाचे होऊ द्यावयाचे आणि कोणाचे नाही, ही निवड रचनेने आधी केलेली असते. ज्यांच्या वेदनेला विभावच पुरविला गेला नाही त्यांच्या मरणाचा रस होत नाही. ते केवळ दृश्य होते. प्रेक्षकाची सहृदयता येथे उणी पडलेली नाही. तिला जेथे काही सोसावे लागले असते ती जागाच मोकळी ठेवण्यात आली. मार्टिन स्कॉर्सेसी यांनी २०१९ च्या अखेरीस या प्रकारच्या चित्रपटांत जोखीम नसते अशी तक्रार केली, तेव्हा त्यांना कलावंताची जोखीम अभिप्रेत होती. आपल्या प्रश्नाच्या संदर्भात प्रेक्षकाची जोखीम अधिक महत्त्वाची. जी टाळी वाजवताना काहीच गमवावे लागत नाही तिला भावनेचे मूल्य असू शकेल. निवाड्याचे असू शकत नाही.

येथपर्यंतचा युक्तिवाद अडोर्नोच्या निष्कर्षाकडे झुकतो आहे, असे वाटणे साहजिक आहे. परंतु याच चित्रपटाच्या बाबतीत एक गोष्ट त्या निष्कर्षाच्या आड येते. वोरमिर नावाच्या ग्रहावर नताशा आणि क्लिंट हे दोन मित्र, मरण आपल्या वाट्याला यावे म्हणून एकमेकांशी झगडतात आणि नताशा मरते. टोनीला पुढे सरोवराकाठी समारंभपूर्वक निरोप दिला जातो. नताशाच्या वाट्याला सहकाऱ्यांच्या शोकाचे एक छोटे दृश्य येते. चित्रपट पाहून बाहेर पडलेल्या अनेक प्रेक्षकांनी याबद्दल प्रश्न उपस्थित केला. दोघांचे बलिदान सारखे असताना शोक असमान का? हा प्रश्न विचारणारे पुष्कळ जण तेच होते, ज्यांनी हातोडा उचलला जाताना आरोळी ठोकली होती. म्हणजे प्रेक्षकाचा प्रतिसाद एक नसून दोन आहेत. पहिला अंधारात, देहाने, सर्वांबरोबर दिला जातो. दुसरा उजेडात, विचाराने, एकेकट्याने. गल्ल्याला या दुसऱ्याची गंधवार्ताही नसते, कारण त्यासाठी वेगळे तिकीट काढावे लागत नाही.

न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे येथील संमेलनाच्या अध्यक्षपदावरून सविकल्प समाधीची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याशी तादात्म्य पावतो, पण स्वतःचे भान पूर्णपणे सोडीत नाही, हे तिचे मर्म. आनंदाची उपपत्ती म्हणून ती मांडली गेली. तिच्यात एक नैतिक शक्यताही आहे, असे मला वाटते. समाधीत जो विकल्प शिल्लक राहतो तोच पुढे प्रश्न विचारतो. समाधी ओसरल्यावर तो जागा राहिला तर प्रेक्षक स्वतःच प्राश्निकाच्या आसनावर जाऊन बसतो. त्याला तेथे नेण्यासाठी बाहेरून कोणी पंडित यावा लागत नाही.

साहित्य शिकविणाऱ्याच्या दृष्टीने या प्रश्नाला व्यावहारिक धार आहे. टोनीच्या मृत्यूने ज्यांचे डोळे भरून आले असे विद्यार्थी आपल्या वर्गात बसलेले असतात. त्यांची भावना खोटी होती असे त्यांना सांगणे असत्य ठरेल; ती कोट्यवधींची होती म्हणून खरी, असे सांगणे बौद्धिक आळसाचे. त्यांच्यासमोर नताशाचा आणि त्या चेहरा नसलेल्या सैन्याचा प्रश्न ठेवता येतो. पहिला प्रश्न त्यांच्यापैकी अनेकांनी आपणहून विचारलेला असेल. दुसरा अजून पुरेसा विचारला गेलेला नाही, आणि तो विचारण्यासाठी चित्रपटावरील प्रेम सोडून द्यावे लागत नाही.