आरसे, मेण आणि पितळेचा सर्प

शास्त्रपाठ : निर्गम ३१:१-१७, निर्गम ३८:८, २ राजे १८:१-६



‘आत्म्याने परिपूर्ण झालेला मनुष्य’ असे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे संदेष्टा उभा राहतो, प्रेषित उभा राहतो, निदान व्यासपीठावरून बोलणारा पाळक तरी उभा राहतो. परंतु देवाने आपल्या आत्म्याने परिपूर्ण केले असे नाव घेऊन ज्याच्याविषयी शास्त्रात प्रथम सांगितले आहे, तो मनुष्य संदेष्टा नव्हता आणि याजकही नव्हता. तो कारागीर होता. यहूदा वंशातील ऊरीचा पुत्र बसालेल हे त्याचे नाव. सोने, रुपे व पितळ घडविणे, रत्नांना पैलू पाडणे, लाकडावर कोरीव काम करणे ही त्याची सेवा. आत्म्याचे दान त्याच्या जिभेवर उतरले नाही. ते त्याच्या बोटांत उतरले.

छत्तीसगडातील भिलाई येथे राहणाऱ्या आपल्या मराठी बंधुभगिनींना ही गोष्ट केवळ पुस्तकी वाटणार नाही. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून तेथे पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहरा येथील खनिजाचे तेथे लोखंड होते आणि त्यातून देशभरच्या रेल्वेचे रूळ तयार होतात. अशी भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षे विझवीत नाहीत. रात्र असो, सण असो की प्रभूचा दिवस असो, कोणाला तरी पाळीवर जावेच लागते. मंदिरात उपासनेची घंटा वाजते तेव्हा मंडळीतील कोणी बंधू भट्टीच्या झळांपुढे उभा असतो. त्याच्या मनात प्रश्न येतो, “माझे हे काम देवाच्या हिशेबात कोठे बसते? उपासना तेथे चालली आहे. मग येथे जे चालले आहे ते काय?”

या प्रश्नाचे उत्तर बसालेलाच्या गोष्टीत आहे. परंतु ती गोष्ट त्याच्यापाशी संपत नाही. मनुष्याच्या हाताने घडविलेल्या सुंदर वस्तूंचा इतिहास प्राचीन काळापासून युरोपातील प्रबोधनकाळापर्यंत पाहिला, तर हाच प्रश्न त्यात पुन्हा पुन्हा उभा राहिलेला दिसतो.

मोशेने अनुवाद ४:२० मध्ये मिसर देशाला लोखंडाच्या भट्टीची उपमा दिली आहे. त्या भट्टीतून इस्राएल लोक बाहेर पडले ते रिकाम्या हातांनी नव्हे. दागिने त्यांच्याबरोबर आले आणि आरसेही आले. मिसरी स्त्रियांचे आरसे काचेचे नसत. तांबे किंवा कांसे घासून घासून ते चकचकीत केलेले असत. निर्गम ३८:८ मध्ये एक लहानसे वाक्य आहे, ते आपण वाचतो आणि पुढे जातो. दर्शनमंडपाच्या दारापाशी सेवा करणाऱ्या स्त्रियांनी आपले आरसे दिले आणि त्या धातूचे बसालेलाने गंगाळ केले. ज्या धातूत कालपर्यंत स्वतःचा चेहरा पाहायचा, त्याच धातूच्या पात्रात आता याजकांनी देवापुढे जाण्यापूर्वी हातपाय धुवावयाचे! पवित्र कलेची याहून नेमकी व्याख्या मला ठाऊक नाही. आपला चेहरा पाहण्याचे साधन आपण देऊन टाकतो आणि त्यातून इतरांच्या शुद्धीचे साधन घडते.

परंतु त्याच प्रवासात, त्याच लोकांच्या कानांतील सोन्याचे वासरूही झाले. सोने तेच होते, अग्नी तोच होता, आणि अहरोनाच्या हातांतही कौशल्य होतेच. मग फरक कोठे पडला? वासरू लोकांना आपल्यापुढे चालणारा देव म्हणून हवे होते. गंगाळापुढे मात्र कोणी नमन केले नाही. ते वाकलेल्या मनुष्याला स्वच्छ करून पुढे पाठवीत असे.

आता भिलाईच्या दक्षिणेला बस्तरकडे वळू या. कोंडागाव परिसरातील घडवा कारागीर आजही ज्या रीतीने पितळेच्या मूर्ती ओततात, ती रीत अतिशय जुनी आहे. मोहेंजोदडो येथे १९२६ साली सापडलेली नर्तकीची लहानशी कांस्यमूर्ती याच रीतीने सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी घडविली गेली. प्रथम मातीचा गाभा करतात. त्यावर मेणाच्या बारीक तारा गुंडाळून डोळे, दागिने, वस्त्रांच्या चुण्या उमटवितात. सारे सौंदर्य त्या मेणात असते. मग त्यावर पुन्हा माती लिंपून साचा भट्टीत घालतात. मेण वितळून निघून जाते आणि त्याने सोडलेल्या जागेत तापलेला रस ओततात. शेवटी मातीचा साचा फोडावा लागतो, तेव्हा मूर्ती प्रकट होते.

वाचकहो, मेणाने येथे काय केले ते पाहा. त्याने आपला आकार दिला आणि जागा मोकळी केली. ते हटून राहिले असते, तर धातूला जागाच मिळाली नसती. ख्रिस्ताची वृद्धी व्हावी आणि आपला ऱ्हास व्हावा, ही बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची वृत्ती (योहान ३:३०) हीच नव्हे काय? आणि स्वतःला रिक्त करणाऱ्या प्रभूचे जे वर्णन पौलाने फिलिप्पैकरांस लिहिले, त्याची एक अंधुक छाया त्या निघून जाणाऱ्या मेणात आपल्याला दिसत नाही काय?

जे हटत नाही त्याचे काय होते, हेही शास्त्र सांगते. अरण्यात मोशेने देवाच्याच आज्ञेने पितळेचा सर्प केला. दंश झालेले लोक त्याच्याकडे पाहून वाचले. आपल्या प्रभूने तो सर्प स्वतःच्या उंच केले जाण्याची खूण म्हणून सांगितला (योहान ३:१४). परंतु काही शतकांनी हिज्कीया राजाने तोच सर्प फोडून टाकला, कारण लोक त्यापुढे धूप जाळू लागले होते. हिज्कीयाने सर्पाला खोटे ठरविले नाही. त्याचे काम झाले होते आणि तरीही तो मध्ये उभा होता, म्हणून त्याने तो फोडला.

ख्रिस्ती मंडळीचा पुढचा इतिहास या दोन टोकांमध्ये हेलकावे खात गेला आहे. तिसऱ्या शतकात रोम येथील भूमिगत दफनस्थानांच्या भिंतींवर विश्वासणाऱ्यांनी खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ रंगविला. खांद्यावर पशू वाहून नेणाऱ्या मनुष्याची आकृती ग्रीक कलेत आधीपासून होती. त्यांनी ती घेतली आणि उत्तम मेंढपाळाच्या सेवेला लावली. त्या चित्रकारांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. आठव्या शतकात पूर्वेकडील मंडळीत प्रतिमांवरून मोठा कलह पेटला, चित्रे फोडली गेली आणि ८४३ सालापर्यंत तो पुरता शमला नाही. दिमिष्काच्या योहानाने प्रतिमांच्या बाजूने मांडलेला मुद्दा असा होता : अदृश्य देवाचे चित्र काढता येत नाही हे खरे, परंतु तो देहधारी झाला, मनुष्यांनी त्याला डोळ्यांनी पाहिले, ते रूप रेखाटता येते. प्रतिमा फोडणाऱ्यांना नहुश्तानाची भीती होती, आणि तीही खोटी नव्हती. आपल्या पंथांमध्ये याविषयी आजही मतभेद आहेत. परंतु दोन्ही बाजूंची चिंता एकाच देवाच्या गौरवाची आहे, हे आपण विसरू नये.

जर्मनीतील हिल्डसहाइम येथे बिशप बर्नवर्ड यांनी १०१५ साली मंदिरासाठी कांस्याची दारे करवून घेतली. प्रत्येक दार एकसंध ओतलेले आहे. डाव्या दारावरील प्रसंग वरून खाली येतात : आदामाच्या निर्मितीपासून हाबेलाच्या वधापर्यंत. उजव्या दारावरील प्रसंग खालून वर जातात : मरीयेला मिळालेल्या संदेशापासून पुनरुत्थित प्रभूच्या दर्शनापर्यंत. वाचता न येणारा मनुष्यही त्या दारातून आत जाता जाता पतन आणि तारण पाहू शकत असे.

पुढे १४०१ साली फ्लॉरेन्स येथे बाप्तिस्मामंदिराच्या दारांसाठी स्पर्धा झाली. विषय होता अब्राहामाने इसहाकाला अर्पण करण्याचा. तरुण लोरेन्झो गिबर्टी त्यात निवडला गेला. त्याने घडविलेली दुसरी दारे १४२५ ते १४५२ या काळात पूर्ण झाली आणि ती ‘नंदनवनाची द्वारे’ म्हणून प्रसिद्ध आहेत. त्या दारांच्या चौकटीत गिबर्टीने स्वतःचा लहानसा चेहराही घडविला आहे. कारागीर आता अनाम राहिला नव्हता. यात पाप आहे असे मी म्हणत नाही. बसालेलाचे नावही शास्त्रात आहेच. परंतु ते त्याने कोरून ठेवलेले नाही, देवाने त्याला नाव घेऊन बोलाविले. बाबेलच्या लोकांनी मात्र स्वतःचे नाव करण्यासाठी वीट भाजली होती.

माणसाच्या नावासाठी घडविलेल्या वैभवाचे काय होऊ शकते, याचे उदाहरण त्याच देशात घडले. मायकेलअँजेलोने पोप दुसरे जूलियस यांचा भव्य कांस्यपुतळा घडविला आणि तो १५०८ साली बोलोन्या येथील मंदिराच्या दारावर बसविण्यात आला. १५११ साली शत्रुपक्षाने तो पाडला आणि फेराराच्या ड्यूकने त्या धातूची तोफ ओतविली. यशया संदेष्ट्याने पाहिलेला दृष्टान्त तरवारींचे नांगर होण्याचा होता. येथे मंदिराच्या दारावरच्या पुतळ्याची तोफ झाली.

म्हणून आपल्या शास्त्रपाठाची रचना लक्षात घ्या. निर्गम ३१ मध्ये बसालेलाचे पाचारण संपते न संपते तोच शब्बाथाची आज्ञा येते. निवासमंडपाचे काम पवित्र होते, देवानेच सांगितलेले होते. तरीही सातव्या दिवशी हातोडा खाली ठेवायचा होता. हातातून हातोडा सुटत नसेल, तर तो हातोडाच आपला देव झाला आहे असे समजावे.

भट्टीपुढच्या बंधूला यातून काय उत्तर मिळते? बंधो, तुझे काम देवाच्या घराबाहेरचे नाही. कुशल हात हे आत्म्याचे दान आहे, आणि तुझ्या हातून निघालेल्या रुळावरून कोणी आजारी आईकडे, कोणी परीक्षेला, कोणी घरी सुखरूप पोहोचतो. परंतु विसाव्याचा दिवस तुझ्यासाठी आहे. रविवारी तो मिळत नसेल, तर साप्ताहिक सुट्टीचा दिवस प्रभूला दे. आणि मंडळीने ‘तो उपासनेला येत नाही’ असे म्हणण्यापूर्वी त्या दिवशी त्याच्या घरी जाऊन त्याच्याबरोबर प्रार्थना करावी.

आपण सर्वांनीही स्वतःला विचारावे. मंदिरातील बाकावर, पंख्यावर, संगमरवरी पाटीवर आपले नाव दिसावे म्हणून आपण दान देतो काय? आपले गायन, आपले उपदेश, घरातील प्रभूचे चित्र यांतून पाहणाऱ्याची दृष्टी प्रभूकडे जाते, की आपल्यापाशीच अडकते? आपल्या मंडळीतील सुतार, गवंडी, वेल्डर, शिवणकाम करणारी भगिनी यांच्या कौशल्याला आपण कधी आत्म्याचे दान म्हटले आहे काय?

नव्वदाव्या स्तोत्राच्या अखेरीस देवाचा माणूस मोशे हातांच्या कामासाठी विनवणी करतो, ते स्थिर व्हावे असे मागतो. आपणही तीच विनवणी करू या. हे प्रभो, आमच्या हातांतील आरसे तू घे आणि त्यांचे गंगाळ कर. आम्हांला मेणासारखे निघून जाण्याची कृपा दे, म्हणजे आम्ही सोडलेल्या जागेत तुझे रूप प्रकट होईल. आमेन.