बैठक कुठे भरवायची?

लिनक्स वापरणाऱ्यांचा, पायथन शिकणाऱ्यांचा, मराठी टंकनाच्या साधनांसाठी पदरचा वेळ देणाऱ्यांचा, असा कुठलाही गट घ्या. थोडा वाढला की एक वाद हमखास निघतो: आपलं बोलणं मुख्यतः कुठे चालवायचं? व्हॉट्सॲप, टेलिग्राम, स्लॅक, की जुनं आयआरसी? वाद तांत्रिक वाटतो, आणि म्हणूनच ज्यांना तंत्र कळतं ते चारपाच जण तो आपसात मिटवून टाकतात. जागा ठरते. तिथे येऊ न शकणारा माणूस गटातून गळतो. त्याला काढलेलं मात्र कोणीच नसतं.

व्हॉट्सॲप सगळ्यांकडे असतं, हा मुद्दा बिनतोड आहे. पण साध्या ग्रुपमध्ये शिरलं की आपला मोबाइल नंबर सगळ्या अनोळखी सदस्यांपुढे येतो. बहुतेक पुरुषांना त्याचं काही वाटत नाही. ज्या मुलीला पूर्वी अशा ग्रुपमधून रात्री-बेरात्री ‘हाय’ आलेलं असतं, ती बाहेरच राहते. वर आपणच म्हणायला मोकळे, की मुलींना यात रस नसतो!

फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलापुढे 2019 मध्ये हाच प्रश्न होता. आयआरसी जुन्या मंडळींच्या हाताला बसलेलं. नवख्यांना मात्र ते अवघड जायचं आणि त्रास देणाऱ्याला आवरणंही कठीण. मोझिलाने चार साधनं वापरून पाहिली. पडद्यावरचं वाचता न येणाऱ्यांना ते साधन झेपेल का, हीसुद्धा निवडीची एक कसोटी होती. शेवटी मॅट्रिक्स ठरलं आणि मार्च 2020 मध्ये मोझिलाचा आयआरसी सर्व्हर बंद झाला. जुन्यांची गैरसोय झाली, आणि ती व्हायलाच हवी होती, असं माझं मत आहे. आत बसलेल्यानेच थोडं सरकायचं असतं.

दुसरा प्रश्न किल्लीचा. फ्रीनोड या आयआरसी जाळ्यावर मुक्त सॉफ्टवेअरचे असंख्य प्रकल्प वर्षानुवर्षं बोलत होते. ते चालवणारे स्वयंसेवकच. नियंत्रण कोणाचं यावरून वाद पेटला, त्यातल्या बहुतेकांनी राजीनामे दिले आणि 19 मे 2021 रोजी लिबेरा चॅट उभं केलं. आठवड्याभरातच, ज्या चॅनेलांच्या माहितीत ‘लिबेरा’चं नाव होतं अशा शेकडो चॅनेलांचा ताबा फ्रीनोडने परस्पर घेतला. उबुंटू, फेडोरा, विकिमीडियाचे गट लिबेरावर गेले. विश्वासाने चाललेलं काम कागदावर कोणाचं आहे, हे तोवर फारसं कोणी पाहिलंच नव्हतं.

स्लॅकचं प्रकरण सौम्य. 1 सप्टेंबर 2022 पासून फुकट वापरणाऱ्यांना फक्त मागच्या 90 दिवसांचे संदेश दिसू लागले. कंपनीला दोष देववत नाही. फुकट दिलेलं तिने आखडतं घेतलं, इतकंच. पण कोणीतरी जागून नवख्याला लिहिलेली उत्तरं त्यात दिसेनाशी झाली. ती दुसरीकडे उतरवून ठेवणं हे गटाचंच काम होतं.

तेव्हा गप्पा कुठेही मारा. निर्णय आणि उत्तरं मात्र खातं न उघडता वाचता येतील अशा जागी ठेवा, आणि ॲडमिनचे हक्क एकट्याकडे ठेवू नका. जागेबद्दलचं मतदान त्याच ग्रुपवर घेतलंत, तर बाहेर राहिलेल्यांचं मत कळणारच नाही. सोडून गेलेल्या चौघांना आधी फोन करा, का गेलात ते विचारा, मग ठरवा.