दुसऱ्याचें गुज कोणाच्या मालकीचें?

“ज्याच्या मनांत पाप नाहीं त्यानें दार लावून कां घ्यावें?” असें आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ सात्त्विक माणसें विचारितात, आणि त्या विचारण्यांत कपट नसतें. देवापुढें सर्वच उघडें आहे. पहिल्या मंडळींत सर्व कांहीं समाईक होतें. याकोबानें एकमेकांजवळ पापें कबूल करावयास सांगितलें आहे. मग आतां घरोघर फोन आल्यावर “माझी खाजगी गोष्ट, माझी खाजगी गोष्ट” असा जो गलबला चालला आहे, तो शहरी लोकांचा डौल नव्हे काय? आमच्या मतें तो डौल नव्हे. परंतु प्रश्न खरा आहे, म्हणून त्याचें उत्तर घाईनें देतां यावयाचें नाहीं.

प्रथम एक भेद ध्यानांत आणावा. देवास ठाऊक असणें आणि लोकांस ठाऊक असणें ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. देव सर्व जाणतो आणि दयाहि तोच करितो. शेजारी बहुधा अर्धें जाणतो व न्याय मात्र पुरा करितो. आपल्या प्रभूचें वर्तन पाहा. याईराच्या घरीं त्यानें रडणाऱ्या-ओरडणाऱ्यांस बाहेर घालविलें, व मुलीचे आईबाप आणि तीन शिष्य एवढ्यांसच आंत घेतलें. बहिऱ्या मनुष्यास त्यानें गर्दींतून एकीकडे नेलें. बेथसैदाच्या आंधळ्यास तर हात धरून गांवाबाहेर नेलें. बरें करण्यास एकांताची गरज प्रभूस नव्हती. ती त्या माणसांस होती, असें आम्हांस वाटतें. रक्तस्रावानें पीडलेल्या स्त्रीस त्यानें लोकांदेखत पुढें बोलाविलें, हें कोणी दाखवून देईल, आणि तो आक्षेप हलका नाहीं. बारा वर्षें जिला लोकांनीं अशुद्ध मानिलें ती शुद्ध झाली हें लोकांसमोरच ठरणें तिच्या हिताचें होतें. तरीहि तिची हकीकत तिनें स्वतः सांगितली. शिष्यांपैकीं कोणी ती गर्दीस सांगितली नाहीं.

पूर्वींहि गांवांत गोष्ट फुटत असे. सकाळीं पाणवठ्यावर निघालेली बातमी संध्याकाळीं चावडीवर पोहोंचे. पण ती गांवच्या शिवेपाशीं थकत असे, आणि दोन पावसाळे गेले कीं लोक विसरत. फोनांतील गोष्टीस शीव नाहीं आणि विसरहि नाहीं. समजा, एका भगिनीस क्षयाची बाधा झाली व तिनें उपदेशकाजवळ हळूच सांगितलें, “माझ्यासाठीं प्रार्थना करा.” उपदेशक प्रेमळ, त्यानें तिचें नांव, गांव व आजार मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिला. गटांत दीडशें माणसें. (२०२२ पासून अशा एका गटांत १,०२४ माणसें घेतां येतात, म्हणजे आमच्या कित्येक तालुक्यांतील सर्व ख्रिस्ती कुटुंबें एकाच गटांत मावतील.) त्यांतील एकाची बहीण, जेथें ह्या भगिनीच्या मुलीची सोयरीक ठरत होती त्याच गांवीं दिलेली. रात्रींतून संदेश तिकडे गेला, आणि आठ दिवसांत सोयरीक मोडली. कोणी खोटें बोललें नाहीं. कोणी वैर केलें नाहीं. प्रत्येकानें खालीं “प्रार्थना करा” असेंच लिहिलें होतें. आणि ती बाई पुढच्या दुखण्यांत उपदेशकाकडे येणार नाहीं. ती एकटीच रडेल.

कोणी म्हणेल, व्हॉट्सॲपचे संदेश तर २०१६ पासून कुलूपबंद आहेत. खरें आहे, पाठविणारा व घेणारा यांच्या मधल्या वाटेंत तो संदेश कंपनीसहि वाचतां येत नाहीं. पण कुलूप वाटेवर आहे, घरांत नाहीं. ज्याच्या फोनांत संदेश उघडला तो तो पुढें धाडूं शकतो, त्याचें चित्र घेऊन ठेवूं शकतो. मागाहून मूळ संदेश पुसून टाकिला तरी तें चित्र कांहीं पुसलें जात नाहीं.

हिज्कीया राजा आजारांतून उठला तेव्हां बाबेलचे वकील भेट घेऊन समाचारास आले. राजास आनंद झाला व त्यानें आपलीं भांडारें आणि शस्त्रागार त्यांस हिंडून दाखविलें. एकहि कोठडी बंद ठेविली नाहीं. यशयानें पुढें जें भाकीत केलें तें वाचकांस ठाऊकच आहे. त्यांत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं दाखविणारा हिज्कीया, आणि भोगणारे त्याचे वंशज. २०१८ सालीं फेसबुकाविषयीं जें उघडकीस आलें तें ह्याच जातीचें होतें. एका प्रश्नावलीपायीं कांहीं लोकांनीं आपल्या खात्यांत शिरण्याची परवानगी दिली. तीबरोबर त्यांच्या मित्रांचीहि माहिती गेली, व ती केंब्रिज ॲनालिटिका नांवाच्या राजकीय सल्लागार कंपनीच्या हातीं पडली. फेसबुकानेंच दिलेल्या आंकड्यांप्रमाणें भारतांत परवानगी देणारे अवघे ३३५ लोक होते, आणि ज्यांची माहिती गेली असण्याचा संभव तीं माणसें ५ लाख ६२ हजारांवर. ह्या लाखों लोकांस कोणीं विचारिलें होतें? त्यांच्या ओळखीच्यांनीं त्यांच्या घराचें दार परस्पर उघडून दिलें.

तेव्हां मथळ्यांतील प्रश्नास आमचें उत्तर असें: गुज ज्याचें, मालकीहि त्याचीच, ऐकणाऱ्याजवळ ती ठेव आहे. आपली गोष्ट कोणीं जगास सांगावी कीं नाहीं हें ज्याचें त्यानें पाहावें. दुसऱ्याची ठेव मात्र धर्मकार्यासाठींहि उसनी देतां येत नाहीं.

देशाचा कायदाहि ह्याच दिशेनें चालला आहे. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं, निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांच्या खटल्यांत, एकमतानें ठरविलें कीं खाजगीपणा हा जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्कांतच मोडतो. २०२३ सालीं संसदेनें वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. तरी माणूस आपल्या वैयक्तिक वा घरगुती कामासाठीं जें करितो त्यास तो कायदा लागू नाहीं. सासूनें सुनेविषयीं आपल्या बहिणीस काय लिहावें हें पाहावयास सरकार येणार नाहीं. तेथें ख्रिस्ती माणसाचा विवेक जागा पाहिजे.

परंतु “खाजगी” हा शब्द पापास पांघरूण होऊं नये, ही भीतिहि आम्हांस मोठी वाटते. नवरा बायकोस मारीत आहे, किंवा वर्गणीच्या पैशांत अफरातफर झाली आहे, आणि पंच म्हणतात, “घरची गोष्ट घरांत राहूं द्या”. तर ते गुज सांभाळीत नाहींत, बलवानास सांभाळीत आहेत. बालकांवरील लैंगिक अत्याचाराविषयींचा २०१२ चा कायदा येथें चांगला मार्ग दाखवितो. असा गुन्हा ठाऊक असून पोलिसांस न कळविणें हा त्या कायद्यानें अपराध आहे. आणि त्या बालकाचें नांव, घर, शाळा, छायाचित्र प्रसिद्ध करण्यास त्याच कायद्यानें मनाई आहे. ज्यास कळलें पाहिजे त्यास तत्काळ कळवावें, बाकीच्यांस कळूं देऊं नये. प्रभूनेंहि चुकलेल्या भावाची गोष्ट प्रथम एकांतांत, मग एकदोघांसमोर, आणि शेवटीं मंडळीपुढें, असा क्रम लावून दिला आहे; आपण आरंभच शेवटच्या पायरीपासून करितों.

उपदेशक बंधूंनीं गटावर प्रार्थनेची विनंति घालतांना “एका आजारी भगिनीसाठीं” एवढेंच लिहावें. ती कोण हें देवास सांगावें लागत नाहीं. शिष्यवृत्तीसाठीं मुलांचीं आधार कार्डें गटावर मागवूं नयेत. प्रत्येकाच्या आईबापांकडून वेगळीं घ्यावीं, आणि चालत असेल तेथें शेवटचे चार आंकडेच दिसणारी प्रत घ्यावी. बाप्तिस्म्याच्या छायाचित्रांविषयीं तर अधिकच जपावें. ज्यानें बाप्तिस्मा घेतला त्याच्या आईस ती बातमी शेजारणीच्या फोनांत कळूं नये; ती त्यानें आपल्या तोंडानें, आपल्या वेळेस सांगावयाची आहे. माणूस पाण्यांतून वर येतो न येतो तोंच दहा फोन पुढें सरसावतात. पंचांपैकीं एकानें दाराशीं टोपली घेऊन उभें राहावें व ते त्यांत ठेवून घ्यावे. आणि छायाचित्र हवें कीं नको, हवें तर कोणाकोणास धाडावें, हें त्या बंधूस आदल्या दिवशींच विचारून ठेवावें.