रहस्यकथेचे शेवटचे पान

रहस्यकथा वाचताना अपराधी कोण हे ग्रंथकाराच्या आधी ओळखावे, ही हौस बहुतेक वाचकांस असते. एक हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांनी (१९०६–१९९६) ती महाराष्ट्रात घरोघर नेली. आमची चिखलीही तीस अपवाद नव्हती. बाहेर पाऊस, घरात मिणमिणता कंदील आणि कथेत कुलूपबंद वाड्यात पडलेले प्रेत! अशा वेळी पुस्तक एकाच्या हाती असले तरी संशय घरातील सर्वांच्या मनात वाढत असे. ही करमणूक कितपत निर्दोष आहे, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

चाणाक्ष वाचक पुराव्याकडे क्वचितच पाहतो. तो ग्रंथकाराच्या लकबी ओळखतो. ज्याच्याकडे आरंभीच बोट दाखविले तो निरपराधी आणि सर्वांत सालस तोच खुनी, हा त्याचा आडाखा. तो खरा ठरला तरी त्यास ज्ञान म्हणता येणार नाही. डोंगरावरील धुळीस धूर समजून कोणी 'तेथे अग्नी आहे' म्हणावे आणि योगायोगाने तेथे वणवा पेटलेला असावा, तशातलाच हा प्रकार होय. न्यायशास्त्रातही संशय हा विचाराचा आरंभ आहे, शेवट नव्हे.

पुस्तकात चुकलेल्या आडाख्याची किंमत कोणासच द्यावी लागत नाही. जॉर्ज एडलजी यांस ती द्यावी लागली. त्यांचे वडील मूळचे मुंबईचे पारशी, पुढे इंग्लंडातील ग्रेट वर्ली गावी ख्रिस्ती धर्मोपदेशक. १९०३ मध्ये तेथे कोणी रात्री जनावरांवर शस्त्र चालवू लागला. संशय या परक्या घरावर गेला आणि वकिली करणाऱ्या जॉर्ज यांस सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तीन वर्षांनी ते सुटले, कलंक मात्र राहिला. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल यांनी १९०७ मध्ये त्यांची बाजू मांडली: ज्याची दृष्टी इतकी अधू, तो अंधारात शेते तुडवीत जाईल कसा? त्याच वर्षी एडलजींस त्या गुन्ह्याची माफी मिळाली. भरपाई मिळाली नाही. पुढे डॉइलसाहेबांनी स्वतःच दुसऱ्या एकाचे नाव सरकारास कळविले. तो पुरावा सरकारास पुरेसा वाटला नाही. निरपराध्यास सोडविताना ते पुराव्याने चालले, अपराधी नेमताना मात्र आडाख्याने!

कादंबरीत निदान संशयाची वाटणी समान असते. दिवाणजीपासून डॉक्टरांपर्यंत कोणीही सुटत नाही. चिखलीसारख्या गावी दागिना नाहीसा झाला, की प्रतिष्ठित गृहस्थाचे नाव कोणाच्या ओठी येत नाही. येते ते मोलकरणीचे, नाहीतर वेशीबाहेर पाल ठोकलेल्या पारध्याचे. १८७१ पासून सरकारी कायद्याने कित्येक जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. लोकांच्या मनातील संशय रद्द झाला नाही.

कथेचे शेवटचे पान एकास दोषी ठरविते, त्याबरोबरच उरलेल्या सर्वांस मुक्त करिते. गावाच्या बोलण्यास असे शेवटचे पान नसते. दागिना कपाटामागे सापडतो. मोलकरणीचे गेलेले नाव सापडत नाही. रहस्यकथा अवश्य वाचाव्यात. मात्र अपराधी ओळखल्याचा आनंद झाला, की वाटेत आपण किती जणांस व्यर्थ अपराधी ठरविले, तेही एकदा मोजून पाहावे.