घर दोघांचे, श्रमही दोघांचे

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून स्त्रीला एक आणि पुरुषाला दुसरे माप लावणाऱ्या समाजाला जाब विचारला. आज स्त्रिया शिकल्या, कमावू लागल्या, तरी घरात ती दोन मापे टिकून आहेत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकामावर, म्हणजे स्वयंपाक, धुणीभांडी, केरवारे अशा मोबदल्याविना होणाऱ्या कामांवर, ती करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात, तर ती करणारे पुरुष केवळ ८८ मिनिटे. जे घर दोघांचे, त्याचे श्रमही दोघांचेच असतात. म्हणून पुरुषांनी ते उपकार म्हणून नव्हे, तर कर्तव्य म्हणून उचलावेत आणि मुलग्यांनाही लहानपणापासून तेच वळण लावावे.