रथ कुठे आहे?

बर्मिंगहॅमजवळच्या एका गॅरेजात 1967 ची एमजीबी बघायला गेलो होतो. बॉनेट उचललं तर मूळचं 1798 सीसीचं चार सिलिंडरी इंजिन नाहीच. रोव्हरचं साडेतीन लिटरचं अ‍ॅल्युमिनियमचं व्ही-8 बसवलेलं. कॉम्प्रेशन तपासलं, आठही सिलिंडरांत जवळपास सारखं. मग पाठीवर झोपून दाराखालच्या पट्टीवर चुंबक फिरवला. वीतभर जागेत तो चिकटेचना. रंगाखाली नुसती पुट्टी! (ताज्या रंगाच्या जुन्या गाडीचा मला आधीच संशय येतो.)

विकणारा म्हणाला, "गाडी अस्सल आहे."

पण अस्सल म्हणजे काय? मिलिंदपञ्ह या पाली बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, रथ म्हणजे आस का? चाकं? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि अखेर मान्य करतो, की रथ हे या सगळ्याला मिळून दिलेलं नाव. बदललेली गाडी तीच मानायची का, यावर ब्रिटिश वाहननोंदणी खात्याने वर्षानुवर्षं गुणांचा तोडगा चालवला: मूळ सांगाड्याला 5, इंजिनाला फक्त 1. नागसेनाला गंमत वाटली असती.

इंजिन बदललं याचं मला काही नाही. नाव तेवढं सैल असतंच. पण पुट्टीला पत्रा म्हणणं हा नागसेनाचा अनात्मवाद नव्हे, लबाडी आहे. विकणाऱ्याने किंमत उतरवली, तरी गाडी घेतली नाही.