वचन कोणाचे, राखण कोणाची?

दुर्गम बेटावरील घरी पत्र पोचविण्यास शहरातल्यापेक्षा कितीतरी अधिक खर्च येतो. तरीही तिकीट एकाच किमतीचे. रोलंड हिल यांच्या योजनेनुसार १८४० मध्ये ब्रिटनने हलक्या पत्रास सर्वत्र एक पेनी दर ठरविला; १८५४ मध्ये आपल्याकडेही अंतर न पाहता अर्धा आणा ठरला. सार्वत्रिक टपालसेवा म्हणजे समाजाने आपल्यातील दूरस्थांना दिलेले वचनच होय. त्याची राखण कोणी करावी, मंत्र्याने की स्वतंत्र नियामकाने?

शासकीय सेवेत असताना एका गावासाठी आखलेला रस्ता 'वरून' आलेल्या दूरध्वनीने दुसरीकडे वळलेला आम्ही पाहिला. टिपणीवर सही आमचीच होती. दूरध्वनी करणाऱ्याचे नाव फाइलीत कोठेच नव्हते. मंत्र्यांच्या हातापलीकडचा पंच असावा, असे तेव्हापासून आम्हांस वाटत आले.

ब्रिटनने तसा पंच नेमला. २००० च्या कायद्याने टपालासाठी स्वतंत्र आयोग आला. २०११ च्या कायद्यानंतर ते काम ऑफकॉमकडे गेले. २०१३ मध्ये रॉयल मेलचे खासगीकरण सुरू झाले. पत्रे वेळेत न पोचविल्याबद्दल ऑफकॉमने तिला २०२४ मध्ये १ कोटी ५ लाख, तर २०२५ मध्ये २ कोटी १० लाख पौंड दंड केला. स्वतःच्याच खात्यास असा दंड कोणता मंत्री करील?

परंतु त्याच २०२५ मध्ये ऑफकॉमने दुसऱ्या वर्गाची पत्रे शनिवार वगळून एक दिवसाआड वाटण्याची मुभा दिली. पत्रे घटली, तोटा वाढला, हे खरे. पण वचन सैल करणाऱ्यांपैकी कोणीही मतदारांपुढे उभा राहणार नव्हता. पहिल्या वर्गाची पत्रे मात्र सोमवार ते शनिवार वाटावीच लागतात, कारण सहा दिवसांची किमान अट संसदेच्या कायद्यात आहे व ती बदलणे नियामकाच्या हाती नाही. ही विभागणी आम्हांस विवेकाची वाटते. वचन काय असावे हे लोकप्रतिनिधींनी उघडपणे ठरवावे. ते पाळले जाते की नाही, हे पंचाने निर्भयपणे पाहावे.

आपल्याकडे सेवा चालविणारे खाते मंत्रालयाचेच अंग आहे. २०२३ च्या पोस्ट ऑफिस कायद्यानेही स्वतंत्र नियामक नेमलेला नाही. मंत्र्यास संसदेत जाब विचारता येतो, हे या व्यवस्थेचे बळ. चुकीबद्दल दंड करणारा त्रयस्थ नाही, हे तिचे उणेपण.

मंत्र्याने आदेश देऊच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. त्याने तो लेखी व सकारण द्यावा, आणि खाली स्वतःची सही करावी. तशी एक सही त्या फाइलीत असती, तर कदाचित तो रस्ता वळला नसता.